दुभाषी होऊन परतलेले संत

रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने खाली उतरले की रेवदंड्याला पोर्तुगीजकालीन चौलचे अवशेष लागतात. पेण-रोह्याच्या आपल्या कुटुंबांना ते परिचित आहेतच. चौल आणि वसई ही तेव्हा एकाच उत्तर प्रांतातील ठाणी.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानात येशू संघीयांच्या सेवेत वर्षानुवर्षे राबले; संघप्रवेश मात्र मिळाला नाही. मग ते व्यापारात शिरले, त्यात यशही लाभले. तरीही मनिलात सारे सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला निघाले. जवळ द्रव्य नव्हते. होती ती जपानी भाषा आणि देवावरील भिस्त. जमलेला व्यापार सोडून असे निघणे आम्हांस हौतात्म्याइतकेच मोठे वाटते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर मारण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले.