‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं पेप्टाइड बाहेरून मागवता येतं का?

मागच्या महिन्यात अकोल्याच्या मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. बीपीसी-१५७ची छोटी बाटली, परदेशी विक्रेता, कार्ट भरलेलं. खाली मेसेज: “दादा, गुडघा लवकर बरा होते म्हणतात. लेबलवर तं ‘फक्त संशोधनासाठी’ लिहेल आहे, मंग कायचं टेन्शन?”

टेन्शन आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. इन्सुलिन त्याच घराण्यातलं, सेमाग्लुटाइडही. ही दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळतात, म्हणजे पेप्टाइड म्हटलं की बेकायदा असं नाही. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये औषधाची व्याख्या वस्तू कशासाठी वापरायची आहे यावरही ठरते. गुडघ्याच्या उपचारासाठी टोचून घ्यायचं असेल तर लेबल काहीही म्हणो, ते औषधच. आणि खरी प्रयोगशाळासुद्धा चाचणीसाठी बाहेरून औषध आणताना सीडीएससीओचा, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना घेते.

स्वतःपुरतं औषध आणायची सोय आहे बरं का. प्रवासातून येताना सामानात एका औषधाचे १०० सरासरी डोसपर्यंत चालतात. पोस्टाने किंवा कुरियरने मागवायचं तर नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी, फॉर्म १२-ए मध्ये अर्ज आणि १२-बी मध्ये परवानगी. इथेच गाडी अडते. बीपीसी-१५७ला भारतातच काय, अमेरिकेतही औषध म्हणून मान्यता नाही. त्याची चिठ्ठी कोण लिहून देणार?

विक्रेता म्हणाला, “गिफ्ट म्हणून पाठवतो.” डिसेंबर २०१९ पासून पोस्ट-कुरियरने गिफ्ट म्हणून शुल्क न भरता आयात करायला बंदी आहे, सूट फक्त राखीला आणि जीवरक्षक औषधांना. पाकिटावर खोटं वर्णन असेल तर सीमाशुल्क कायदा, १९६२ खाली माल जप्त होऊ शकतो, दंडही लागू शकतो. आणि कुरियरच्या केवायसीत आधार तुमचं जातं, विक्रेत्याचं नाही.

रविवारी तो अमरावतीला घरी आला तेव्हा दोघांनी ती साइट नीट पाहिली. ‘शुद्धता ९९%’ असा लॅब रिपोर्ट होता. दुसऱ्या एका पेप्टाइडच्या पानावर गेलो, तर तीच पीडीएफ, तोच आलेख, फक्त नाव बदललेलं! पीडीएफमधलं नाव बदलायला दोन मिनिटं लागतात, हे मी रोज करतो त्या कामावरून सांगतो. समजा रिपोर्ट खरा असता, तरी शुद्धतेचा आकडा बाटली निर्जंतुक आहे असं सांगत नाही. एंडोटॉक्सिनची तपासणी वेगळी असते, तिचा तिथे उल्लेखही नव्हता.

यावरही तो थोडा रेंगाळला होता. मग मी वाडाची यादी उघडली. तो कॉलेजच्या कबड्डी संघात आहे, पुढे विद्यापीठ संघाची स्वप्नं आहेत. बीपीसी-१५७ २०२२ पासून त्या यादीत नावासकट प्रतिबंधित आहे, स्पर्धा असो वा नसो. नाडाने नमुना घेतला तर ‘लेबलवर संशोधन लिहिलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

कार्ट त्याने तिथेच रिकामं केलं. टेलिग्रामवरचा तो ग्रुप मात्र अजून सोडलेला नाही, काल रात्रीच तिथून नवीन लिंक आली.