नन्स क्रॉस : माळावरच्या एका दगडाला कायद्याचं संरक्षण का?

इंग्लंडच्या डेव्हनमधलं डार्टमूर म्हणजे उघडा, दलदलीचा माळ. धुकं उतरलं की वाट दिसेनाशी होते. मध्ययुगात अशा वाटांवर दगडी क्रूस उभारले जात. वाटसरूला दिशा कळे आणि प्रार्थनेसाठी क्षणभर थांबताही येई.

त्यांपैकी नन्स क्रॉस (दुसरं नाव सिवर्ड्स क्रॉस) विशेष प्रसिद्ध आहे. ग्रॅनाइटचा हा क्रूस दोन मीटरपेक्षा उंच आहे. डार्टमूरच्या राजवनाची हद्द ठरवताना १२४० साली केलेल्या नोंदीत त्याचा उल्लेख येतो. म्हणजे तो नुसता धार्मिक खांब नव्हता, हद्दीची खूणही होता. एकोणिसाव्या शतकात तो मोडला आणि लोखंडी पट्ट्यांनी सांधला गेला. तो जोड आजही दिसतो.

त्याचं नशीब चांगलं. असे कित्येक क्रूस फाटकांचे खांब झाले, काही ओढ्यावर आडवे पडले. आता १९७९ च्या ब्रिटिश कायद्यानुसार हा संरक्षित वारसा आहे. तो हलवणं तर सोडाच, परवानगीशिवाय दुरुस्त करणंही गुन्हा आहे. दुरुस्तीलाही बंदी हे विचित्र वाटेल, पण क्रूसाची जागा हाच अर्धा पुरावा असतो. संग्रहालयात नेला तर दगड वाचेल, जुनी वाट आणि हद्द कुठे होती हे मात्र सांगता येणार नाही.