वऱ्हाडातील सिंधी निर्वासित : लिपी, वाणी आणि अस्मिता

१९४७ च्या फाळणीने सिंधी हिंदूंचा प्रांतच हिरावला. पंजाबी वा बंगाली निर्वासितांप्रमाणे भाषेचे राज्य त्यांच्या वाट्यास आले नाही. अमरावतीचा रामपुरी कॅम्प व अकोल्याचा सिंधी कॅम्प ही त्या विस्थापनाची वऱ्हाडातील स्मारके होत. १९६७ मध्ये सिंधीस आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु अरबी लिपी की देवनागरी, हा वाद मिटला नाही. मराठी-हिंदी शाळांत शिकलेल्या पिढ्यांना अरबी वळण परके झाले. आजची समाजमाध्यमे लिपीची अट घालीत नाहीत. सिंधमधील गीत नातवास ऐकून कळू शकते. त्याखालील मजकूर मात्र त्यास मुका राहतो. तेव्हा या माध्यमांनी अस्मिता जोडली की केवळ तिचा ध्वनी राखला, हे ठरविण्यासाठी संशोधकाने वाणी व लिपी यांची नोंद पृथक् ठेवणे अगत्याचे आहे.