एक केबल, चार उपकरणं

होस्टेलच्या खोलीत लॅन केबल एकच आणि उपकरणं चार. मग लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू करायचा. याचा इतिहास शोधायला गेलात तर सुरुवात वायफायपाशी नाही, पत्त्यांच्या टंचाईत सापडते.

आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जेमतेम ४.३ अब्ज पत्ते. मे १९९४ मध्ये एगेव्हँग आणि फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये 'नॅट' मांडलं: आतल्या यंत्रांचे पत्ते दारावरच बदलून बाहेर पाठवायचे. मूळ कागद जरूर वाचा. लेखक स्वतःच त्याला अल्पकालीन उपाय म्हणतात! पुढे पोर्ट क्रमांकांची जोड मिळाली आणि अनेक यंत्रं एकाच पत्त्यामागे मावू लागली. १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमुळे घरातला साधा संगणकही असं दार झाला. विंडोज ७ (२००९) मध्ये लॅपटॉपचं वायफाय कार्डच ॲक्सेस पॉइंट बनू शकलं, तेही कमांड टाइप करून. बटण नंतर आलं.

पण सर्व्हरच्या नोंदीत ही चारही उपकरणं एकच दिसतात. पहिल्या वर्षी मी 'एक आयपी म्हणजे एक वाचक' धरून अख्खा तक्ता केला होता. गाईडनी एवढंच विचारलं, "तुझ्या खोलीत किती जण राहता?" तक्ता पुन्हा करावा लागला.