३ मे : जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य दिन
नामिबियाची राजधानी विंडहुक इथे आफ्रिकी पत्रकारांनी १९९१ साली आजच्या दिवशी स्वतंत्र वृत्तपत्रांचा जाहीरनामा मंजूर केला. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ मे हा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा दिन म्हणून घोषित केला. पण हे स्वातंत्र्य मोजायचे कसे? पॅरिसची ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था २००२ पासून देशांची क्रमवारी लावते. आता राजकारण, अर्थकारण, कायदा, समाज आणि पत्रकारांची सुरक्षितता या पाच कसोट्यांवर शंभरपैकी गुण मिळतात. बरेचसे गुण जाणकारांच्या उत्तरांवर ठरतात. त्यामुळे पद्धतीवर वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. मारले गेलेले, तुरुंगात डांबलेले पत्रकार मात्र मोजावेच लागतात; तिथे मतभेदाचा आडोसा घेता येत नाही. संस्थेच्या २०२५ च्या क्रमवारीत १८० देशांत नॉर्वे पहिला, भारत १५१वा होता.