दंडावरून दंडावर

डिसेंबर १८८९ मध्ये कुंभकोणमच्या दोन वर्षांच्या रामानुजनला देवी आल्या. (तमिळमध्ये ‘अम्मै’, म्हणजे आईसुद्धा, भीतीने दोन्ही भाषांना हात जोडायला लावले.) त्या सुमारास तंजावर जिल्ह्यात सुमारे ४,००० माणसे दगावली. हा वाचला, पुढे मोठा गणिती झाला.

लस तर १४ जून १८०२ रोजीच मुंबईत टोचली गेली होती, तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलच्या दंडावर. तिच्या फोडातला द्रव इतर मुलांना टोचला. अशीच मुलांच्या अंगावरून ती मद्रासला गेली. मग ८७ वर्षांनीही एवढे मृत्यू? आईबाप लेकरांना पुढे करेनात, याचे खापर अंधश्रद्धेवर फोडले गेले. पण लस काढून घेण्यासाठी लेकराचा फोड पुन्हा फोडायचे, दुसऱ्याचा रोगही कधी त्यातून यायचा. ही भीती काही खुळी नव्हती.