पूल, पूर आणि संख्याशास्त्र : काशीतला एक प्रश्न

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलस) जोडीला संख्याशास्त्रही शिकावे का? वरवर पाहता हा अभ्यासक्रमातील तासांच्या वाटणीचा प्रश्न आहे. भारतात मात्र त्याचे उत्तर वर्गाबाहेर, पुराच्या आणि पिकाच्या मोजणीतून मिळाले.

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून १९१६ साली बनारस हिंदू विद्यापीठ उभे राहिले आणि १९१९ साली तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आजची वाराणसीची आयआयटी ही त्याचीच परंपरा. अशा शिक्षणाचा गणिती पाया म्हणजे कलनशास्त्र. भाराखाली तुळई किती वाकेल, हे विकलक समीकरण अचूक सांगते. परंतु तुळईवर प्रत्यक्षात किती भार येईल, हे त्या समीकरणाला ठाऊक नसते.

ही उणीव ओरिसात दिसून आली. १९२६ साली ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीपात्राचा तळ उंचावला असल्याने पूररोधक बांध काही फूट वाढवावेत, असे अभियंत्यांच्या समितीचे मत पडले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे ६० वर्षांच्या पावसाच्या व नदीपातळीच्या नोंदी तपासल्या. तळ उंचावल्याचा पुरावा त्यांत आढळला नाही. पुराचे कारण पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टी हे होते. बांध वाढवण्याऐवजी वरच्या भागात धरणे बांधून पाणी अडवावे, असे त्यांनी सुचवले. समितीचे गणित चुकले नव्हते. गृहीतक तपासलेले नव्हते.

काशीचा प्रश्न याच्याही पुढचा होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून परतले आणि अध्यापनाच्या इच्छेने मालवीयजींना भेटले. या शास्त्राचा देशातील गरिबांना काय उपयोग, असे मालवीयजींनी विचारले आणि तरुण सुखात्म्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही, अशी आठवण सांगितली जाते. उत्तर पुढे त्यांच्या कामातून मिळाले. १९४० साली ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. तोवर पिकाचा अंदाज नजरेने, आणेवारीने बांधला जाई. सुखात्म्यांनी यादृच्छिक पद्धतीने गावे, शेते आणि शेतातील तुकडे निवडून पीककापणी प्रयोगांची रीत रुजवली. अंदाजासोबत त्यातील संभाव्य चूकही सांगता येऊ लागली.

अभियंत्याला हीच गोष्ट हवी असते. १९७८ साली वाराणसीत गंगेची पातळी ७३.९०१ मीटरवर पोहोचली होती. गंगेवर पूल बांधणाऱ्याने किती उंचीचा पूर धरावा? 'शतवर्षीय पूर' म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर नव्हे. तो कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते. त्यामुळे पुलाच्या ५० वर्षांच्या आयुष्यात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के निघते. पाण्याचा खांबांवरील दाब कलनशास्त्र काढून देईल. पण ४० टक्क्यांचा धोका पत्करायचा की नाही, हे ठरवण्यासाठी तो आधी मोजता आला पाहिजे. ती मोजणी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून ते अभियांत्रिकीत ऐच्छिक असून चालणार नाही.